फेटे बाल्कनीत, नाटक सातला

कोल्हापुरात मी पाहिलेल्या सुरुवातीच्या कितीतरी नाटकांचा शेवट मला आजही माहीत नाही.

कॉलेजात असताना आम्ही चार मैत्रिणी कबनूरहून एसटीनं यायचो. जाहिरातीत नाटक सातचं असायचं. सातला नाट्यगृहात पहिल्या रांगेपुढं सोफे लावायचं काम चाललेलं असायचं. मग प्रमुख पाहुण्यांची वाट बघायची. ते आले की सत्कार सुरू. शाल, नारळ, फेटा. ज्यानं माईक दिला त्याचा सत्कार, ज्यानं सोफे दिले त्याचा सत्कार, आणि शेवटी सत्कार करून दमलेल्या अध्यक्षांचा सत्कार. पडदा वर जायला साडेआठ-नऊ व्हायचे. शेवटचा अंक ऐन रंगात आला की आमच्या रांगेत अंधारात चपलांची शोधाशोध सुरू व्हायची, कारण शेवटची गाडी चुकवून चालायचं नाही. खून कुणी केला, बायको घरी परतली की नाही, हे आम्ही गाडीत बसून आमचं आम्हीच ठरवायचो. माझी एक मैत्रीण तर दर वेळी सगळ्यांची लग्नं लावून मोकळी व्हायची.

शहरातल्या लोकांना याचं काही वाटत नव्हतं. त्यांना नाटक कधी सुरू होतं ते ठाऊक होतं, त्यामुळं ते निवांत जेवून यायचे. वेळेवर येणारे आम्हीच, लांबचे. कबनूरचे, मुरगूडचे, कुठले कुठले. आणि शेवट न बघता उठणारेही आम्हीच. मला याचा राग यायचा. त्या रागापोटीच मी नाट्यगृह चालवायच्या या कामात आले असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझे वडील, आबा, यंत्रमागावर कामाला होते. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळं घरीसुद्धा ते असे बोलायचे की पलीकडच्या गल्लीला कळावं. मी बी.कॉम. झाले तेव्हा त्यांनी कारखान्यात पेढे वाटले आणि प्रत्येकाच्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं, "पोरगी पदवीधर झाली!" आता पोरगी बँकेत लागणार, हे त्यांनी आणि सगळ्या वस्तीनं धरून ठेवलं होतं.

त्याच सुमाराला पेपरात एक बारकी बातमी वाचली. पुण्यात एका संस्थेनं कला व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला होता. नाट्यगृह कसं चालवायचं, महोत्सव कसा भरवायचा, कलावंत आणि प्रेक्षक दोघांनाही कसं सांभाळायचं, याचं रीतसर शिक्षण. ती बातमी मी इतक्या वेळा वाचली की आईनं विचारलं, "कोण गेलं गं?"

आबांना सांगितलं. ते जेवत होते.

"म्हंजे शिकून करायचं काय?"

"थेटर चालवायचं."

"थेटर चालवायला कालीज लागतंय व्हय? कुलूप काढलं की झालं की."

"कुलूप काढून नाटक सातला सुरू होत न्हाय, आबा."

"सातला कुठं सुरू हुतंय जगात?" आबा हसले. पण हात धुऊन आल्यावर म्हणाले, "जा. आमी काय तुला कापड विणाय शिकीवलं न्हाय. तुझं तू बघून ठेवलंयस तर जा."

वस्तीत मात्र बातमी पसरता पसरता बदलली. मी पुण्याला मंगल कार्यालयाचं शिक्षण घ्यायला चाललेय, असं ठरलं. शेजारची मावशी दारात आली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, आमच्या पोरीच्या लग्नाला हॉल सस्तात दे." मी तिला दोनदा समजावून सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "देतो की, मावशी."

पुण्यात पहिल्या दिवशी आमच्या मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, तुम्ही जवळून पाहिलेला पहिला मोठा कार्यक्रम कुठला? त्या स्वतः देशभर नृत्याचे महोत्सव उभे करून आलेल्या. कुणी दिल्लीचा महोत्सव सांगितला, कुणी परदेशातला. मी म्हणाले, "आमच्या वस्तीतली चौदा एप्रिलची जयंती." मग मी सांगत गेले. आमच्याकडं जयंतीची तयारी महिनाभर आधी सुरू व्हायची. स्टेज कुठं, गायन पार्टी कुठली, बायकांची बसायची सोय कुठल्या बाजूला, पाण्याचा टँकर कुणी सांगायचा, सगळं ठरलेलं. सगळ्याचा सूत्रधार माझा चुलता, आबांचा धाकटा भाऊ. मी शाळेपासून त्याच्या हाताखाली होते. एका वर्षी मिरवणूक चौकात अडकली. मागं बायकापोरं उन्हात, पुढं नाचणारे हलायला तयार नाहीत. पोलीस शिट्ट्या मारून थकले. कार्यकर्ते हात जोडून थकले. चुलता गर्दीतून वाट काढत बँडवाल्यांपर्यंत गेला आणि त्यांना वाजवत वाजवत पुढं घेऊन गेला. नाचणारी सगळी गर्दी त्यांच्यामागं चालायला लागली. चौक मोकळा. मी विचारलं तर म्हणाला, "माणसाला सरक म्हटलं की त्यो हितंच पाय रोवतोय. वाजाप सरकव."

वर्ग हसला. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, माझ्या त्या बोलण्याला तर पुढं महिनाभर हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि त्या चौकाचा नकाशा काढायला लावला.

मी तो अभ्यास जीव तोडून केला. अंदाजपत्रक, करार, प्रकाशयोजनेची तोंडओळख, आगीचे नियम, प्रायोजकाशी बोलायचं कसं. अवघड वाटलं ते इंग्रजी. पण एका खोलीत चार माणसं आणि शेजारी मागांचा खडखडाट, अशा घरात अभ्यास करून आलेली मी. शांत वाचनालय मिळालं हीच मला चैन वाटायची.

शेवटी प्रत्येकाला एक खरा कार्यक्रम करून दाखवायचा होता. मॅडम स्वतः येऊन बघणार, त्यावरच पास-नापास. बहुतेकांनी पुणं घेतलं. मी कोल्हापूर घेतलं.

कारण नुसतं पास होण्याचं नव्हतं. ज्या जुन्या नाट्यगृहात मी शेवट न बघता उठले होते, तिथले व्यवस्थापक निवृत्त होत होते. ट्रस्टचे अध्यक्ष गुळाचे व्यापारी. साठी उलटलेले, अक्कडबाज मिशा, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. मी सरळ जाऊन त्यांना म्हणाले की ही जागा मला द्या.

"बाईमाणूस थेटर सांभाळणार?" अण्णांनी मला खालून वर पाहिलं. "हितं कसली कसली माणसं येत्यात, ठाव हाय का?"

"ठाव हाय. मी त्यांच्याच मागच्या रांगेत बसत होतो."

त्यांना ते आवडलं असावं. म्हणाले, "आपल्या हौशी मंडळींचं नाटक हाय पुढच्या महिन्यात. त्यो प्रोग्राम तू कर. झाला नीट तर खुर्ची तुझी. बिघडला तर माझा भाचा हायच."

"नीट म्हंजे मी सातला सुरू करणार."

अण्णा इतके हसले की गुमास्ता आत डोकावला. "आणि सत्कार?"

सत्कार हाच खरा खांब होता. तो काढला तर छप्पर खाली येणार. देणगीदार, तालमींचे वस्ताद, माजी नगरसेवक, सगळे फेट्यासाठीच येणार. कोल्हापुरात माणूस एक वेळ जेवायला बोलावलं नाही तर विसरेल, फेटा चुकला तर विसरणार नाही. पुण्यात बसून मी यावर बरंच डोकं चालवलं होतं. अण्णांना म्हणाले, "सत्कार होणार. पण स्टेजवर न्हाय. दारात. सहापासनं दोन फेटेवाले उभे करतो, हलगी लावतो, फोटोग्राफर ठेवतो. येईल त्याला फेटा बांधायचा, नावानिशी पुकारायचं, फोटो काढायचा, आत सोडायचं. स्टेजवर एका शालीला टाळ्या पडत्यात. दारात येणारी-जाणारी सगळी दुनिया बघंल."

"आणि जो सातनंतर येईल?"

"त्याला फेटा न्हाय. तिसरी घंटा झाली की दार बंद, ते मध्यंतरापर्यंत."

"मी उशिरा आलो तर?"

"तुमीबी भाईर, अण्णा."

"बरी हाईस की!" म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

मी प्रत्येक पाहुण्याच्या घरी स्वतः गेले. फेटा दारात आहे आणि सातनंतर नाही, हे तोंडानं सांगितलं. दरवाज्यावरच्या म्हाताऱ्या डोअरकीपरला तर इतकं बजावलं की तो वैतागून म्हणाला, "कुणालाच सोडू नको म्हणता, मग तुमचा बाप आला तर?" मी म्हणाले, "बापालाबी सोडायचं न्हाय."

कार्यक्रमाच्या दिवशी आई सकाळीच माझ्याबरोबर आली. आबा पाळी संपवून येणार होते. मॅडम दुपारी पुण्याहून उतरल्या आणि मागच्या बाजूच्या एका खुर्चीत जाऊन बसल्या.

सहाला हलगी कडाडली. आणि काय सांगू, माणसं आली! कधी आठच्या आत तोंड न दाखवणारे पाहुणे सव्वासहाला रांगेत उभे. आपल्याआधी दुसऱ्याला फेटा बांधला तर काय, या धास्तीनं एक माजी नगरसेवक पावणेसहालाच येऊन फेटेवाल्याशेजारी बसलेले. भगवे, गुलाबी, लहरी फेटे, वर हातभर तुरे. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मी मनात म्हटलं, जिंकलो.

साडेसहानंतर मी आत गेले आणि दारातच थांबले.

पुढच्या चारही रांगा पाहुण्यांच्या. चारही रांगांत फेटे. फेट्यांवर तुरे. त्यांच्या मागं बसलेल्या माणसांना स्टेज दिसतच नव्हतं. पूर्वी फेटा स्टेजवर बांधला जायचा आणि भाषणं संपेपर्यंत माणूस तो काढून मांडीवर घ्यायचा. आता नुकताच बांधलेला, फोटो काढलेला, कडक फेटा कोण काढणार? एवढा अभ्यास करून, सगळ्याचे नकाशे काढून, फेट्याला उंची असते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मागून आरडाओरडा सुरू झालाच होता.

"ओ पावणं, फेटं काढा की! आमी काय तुरं बघायला आलोय व्हय?"

पुढचे एक वस्ताद वळून म्हणाले, "फेटा काढ म्हणतोस? त्यापरीस डोस्कं काढ म्हण की मर्दा!"

"डोस्कं असू दे, तुरा तेवढा काढा!"

हशा पिकला, पण त्या हशाला धार होती. अण्णा सर्वांत मोठा फेटा बांधून पहिल्या रांगेत मधोमध. मी जवळ गेले तशी हळू म्हणाले, "पोरी, गोंधूळ हुईल. दोन भाषणं ठेवू मधी. तवर रांगा इकडंतिकडं करू."

दोन भाषणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. दोनाची पाच होणार, आणि आठला पडदा. मॅडम मागं घड्याळ बघत नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या. त्याचीच जास्त भीती वाटली. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दिसल्या त्या मधल्या रांगेतल्या मुरगूडच्या कॉलेजच्या पोरी. पायातल्या चपला त्यांनी काढल्या होत्या आणि पाय वर घेऊन निवांत बसल्या होत्या. त्या सात या आकड्यावर विश्वास ठेवून आल्या होत्या.

मी वर बघितलं. बाल्कनी. सगळ्यांत स्वस्त तिकिटं तिथली, पुढच्या बाकांवर कॉलेजची पोरं बसलेली. तिथं कुणी फेटा घालून बसलं तर त्याच्या मागच्या पायऱ्या इतक्या उंच होत्या की काही अडत नव्हतं.

"अण्णा, वर बसायचं."

"मी? बाल्कनीत?" अण्णांच्या मिशा थरथरल्या. "शाळंतल्या पोरांत?"

"हितं बसलासा तर सगळ्या थेटरला तुमची नुसती पाठ दिसतीय. तिथं बसलासा तर सगळं थेटर माना वर करून तुमचा फेटा बघंल. दरबारात राजा खाली बसतोय व्हय?"

अण्णांनी बाल्कनीकडं बघितलं आणि सोफ्याचा हात घट्ट धरला. बाकीचे पाहुणे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. एकाला उठ म्हणाले असते तर चारही रांगांनी तिथंच पाय रोवले असते. तेवढ्यात मला चौक आठवला.

मी पळत दाराशी गेले. हलगीवाले पायरीवर चहा पीत होते. "आत चला. मधल्या वाटेनं पुढं, तिथनं वळून बाल्कनीच्या जिन्यानं वर. थांबायचं न्हाय." माईक हातात घेऊन मी एवढंच म्हणाले, "मानाचे फेटे मानाच्या जागी निघालेत. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवा!"

बंद सभागृहात हलगी वाजली म्हणजे काय होतं ते ऐकलेल्यालाच कळेल. छातीत वाजते ती. हलगीवाले पहिल्या रांगेपाशी आले, वळले आणि जिन्याकडं चालू लागले. आणि अण्णा उठले! एका हातानं मिशी, दुसऱ्या हातानं फेटा सावरत, असे उठले की जणू त्यांनीच हे ठरवलं होतं. त्यांच्यामागं वस्ताद, वस्तादांमागं नगरसेवक, आणि एकामागं एक चारही रांगा. मघाशी तुऱ्यांवर ओरडणारी माणसं आता उभी राहून शिट्ट्या मारत होती. बाल्कनीतली पोरं रिकामे सोफे बघून उड्या मारत खाली आली आणि सोफ्यांवर बसली. स्वस्तातल्या तिकिटात पहिली रांग! त्यातला एक दुसऱ्याला म्हणत होता, "नाद खुळा! परत उठवायच्या आत पाय पसर."

वर फेट्यांची ओळ लागली. खरोखर दरबार दिसत होता. अण्णांनी खाली बघून हात केला.

घंटेचं बटण मी कुणाला दाबू दिलं नाही. पहिली, दुसरी. आणि ठीक सातला तिसरी. सभागृहातले दिवे मंदावले, पडदा वर गेला. विंगेत नाटकाची नायिका घड्याळाकडं बघून घाबरली होती, कारण तिला वाटलं होतं अजून तासभर आहे. कुंकू लावायचं राहिलं होतं. ती तशीच आत शिरली आणि काय सुंदर काम केलं तिनं!

मध्यंतर झालं. मी चहाच्या गर्दीतून चालले होते तेवढ्यात डोअरकीपर आला.

"बाई, भाईर एक पावणं हाय. म्हणतंय मी तिचा बाप."

"मग?"

"मग काय? न्हाय सोडला. तुमीच म्हणलासा की."

मी बाहेर धावले. पायरीवर आबा बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग पाडलेला, पायात नव्या चपला. जेवून आले होते. जगात नाटक सातला सुरू होत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं ना.

"कवा आलासा, आबा?"

"साडेसात झालं असतील. म्हटलं लईच लवकर आलो. बघतो तर दार बंद. ह्याला म्हटलं मी तिचा बाप हाय, तर म्हणतोय तिनं बापाचंच नाव घेऊन सांगितलंय." आबा उठले. मी काही बोलायच्या आत त्यांनी डोअरकीपरच्या खांद्यावर हात टाकला आणि मागावर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "कारखान्यात हयातीत कधी लेट न्हाय झालो गड्या, पोरीच्या दारात झालो! बघ, असलं थेटर हाय तिचं!"

चहा पिणारी सगळी माणसं वळून बघायला लागली. मला जराही लाज वाटली नाही.

उरलेलं नाटक मी आई-आबांच्या मागं उभं राहून पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं. पडदा पडला तेव्हा मुरगूडच्या पोरी चपला घालून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत उभ्या होत्या, कुणाचीही गडबड नव्हती. मॅडम जवळ आल्या. त्यांना पुण्याची गाडी पकडायची होती. एवढंच म्हणाल्या, "फेट्याची उंची चुकली, ते अहवालात स्वतः लिही. आणि तो चौकही लिही." मी पास झाले हे पत्रानं नंतर कळलं, पण मला त्या वेळीच कळलं होतं. अण्णा फेटा न काढता जिना उतरले. "भाच्याला सांगतो गुळाच्या वखारीत बस म्हणून," म्हणाले. "सोमवारी ये. आणि ह्या पुढं आमची बसायची जागा वरचीच ठेव."

ती खुर्ची पुढं कितीतरी वर्षं माझी होती. मान बाल्कनीत आणि नाटक सातला, ही त्या नाट्यगृहाची रीतच पडली. बाहेरगावच्या नाटकवाल्यांना मी अभिमानानं सांगायचे, इथं उशिरा आलात तर प्रेक्षक तुमच्यासाठी थांबतील, घंटा थांबणार नाही. आजही सांगते, आणि आजही अभिमानानंच.

पण त्या दिवशीचं मला जास्त आठवतं ते परतीच्या गाडीतलं. गाडी नेहमीसारखी गच्च होती. त्यातली निम्मी माणसं नाटकातूनच आली होती, आणि पहिल्यांदाच त्यांना शेवट माहीत होता. आबा मधल्या बाकावर बसले, आजूबाजूला बघितलं आणि त्यांच्या त्या आवाजात सगळ्या गाडीला विचारलं, "ओ, सुरवातीला काय झालतं, सांगा की कुणीतरी!"

आई सांगायला लागली. मागच्या बाकावरच्या बाईनं तिला दुरुस्त केलं. पुढून एकजण म्हणाला, "तसं न्हाय, आधी पत्र आलं, मग भांडान!" कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला आणि म्हणाला, "परत पहिल्यापासनं सांगा, मलाबी ऐकू दे." सगळ्या गाडीनं मिळून आबांना पहिला अंक सांगायला घेतला, पण दर वेळी कुणीतरी दुरुस्त करायचं आणि परत पहिल्यापासनं सुरू व्हायचं. कबनूर आलं तेव्हा गोष्टीतला पडदा तिसऱ्यांदा नुकता वर गेला होता, आणि आबा उतरता उतरता डोअरकीपरची गोष्ट सांगत होते.